हिरव्या बांगड्यांची चौकशी

त्या वर्षी श्रावणात उल्हास नदीला पूर आला आणि अंबरनाथच्या एका कारखान्याचे जांभूळ गावाच्या बाजूचे पंपघर पाण्यात गेले. त्या वेळी आत दोन माणसे होती. एक कारखान्याचे इंजिनिअर, दुसरा मुकादमाच्या टोळीतला मजूर. पाणी ओढणाऱ्या नळाचे तोंड झाडाझुडपांनी बुजले होते आणि मोटर भिजण्याआधी साखळीने वर उचलायची होती. दोघे खाली उतरले. मुकादम काठावर उभा होता. थोड्या वेळाने पंपघराची नदीकडची भिंत गेली आणि तिच्याबरोबर दोघेही गेले. प्रेत कोणाचेच मिळाले नाही.

हे मला त्याच संध्याकाळी मुकादमाने सांगितले. मी तेव्हा बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहत होतो आणि मुंबईच्या एका मराठी दैनिकाला कल्याणपलीकडच्या बातम्या पाठवत होतो. मुकादमाचे कपडे ओले होते आणि विडी पेटत नव्हती. "दोघं एकाच साखळीला धरून होते," तो म्हणाला. "साहेब पुढं, हा मागं. माझ्या डोळ्यांदेखत गेले." मी ते वाक्य जसेच्या तसे उतरून घेतले. त्यात विशेष काही नव्हते. तशी सवय होती.

बातमीत मी दोघांनाही बेपत्ता म्हटले होते. छापून आली तेव्हा इंजिनिअर पुराचे बळी झाले होते. मजूर बेपत्ताच होता, आणि तोही शेवटच्या ओळीत. संपादकांच्या टेबलावर कोणी काय बदलले, हे बातमीदाराने विचारायची पद्धत नव्हती.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसरांच्या वसाहतीत दुखवट्याची सभा झाली. मी हजर होतो. मॅनेजर चांगले बोलले. इंजिनिअरांच्या कुटुंबाने आहे त्याच बंगल्यात राहावे, पत्नीला वसाहतीच्या शाळेत नोकरी द्यावी आणि कारखान्याकडून एकरकमी मदत पोचवावी, असे त्यांनी जाहीर केले. कोणी प्रेत विचारले नाही, दाखला विचारला नाही. विचारणे अशोभनीय झाले असते. सभा संपता संपता मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "आणि तो दुसरा?" मॅनेजरांनी चष्मा पुसला. "त्याची चौकशी चालू आहे," ते म्हणाले.

हे उत्तर मला खटकले. भिंत एक, पाणी एक, साखळी एक. वर आल्यावर मात्र एकाचा शोक होत होता आणि दुसऱ्याची चौकशी.

चौकशी कारखान्याच्या लेबर ऑफिसरकडे होती. हा वकिलीची परीक्षा दिलेला, मृदू बोलणारा गृहस्थ. मजुराच्या घरी जाताना त्याने स्वतःच मला बरोबर घेतले. "चला, तुम्हीही बघा. नाहीतर उद्या लिहाल, कारखाना गरिबाच्या दारात गेला नाही," तो म्हणाला. मला हा मोकळेपणा जरा जास्तच वाटला. पण मी गेलो.

घर सोनिवलीकडच्या एका पाड्यावर होते. रस्ता संपल्यावर भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालावे लागे. घरात दोनच माणसे उरली होती: मजुराची आई आणि बायको. शेत दुसऱ्याचे होते, वर्षाच्या भातापुरते. रोकड यायची ती मुलाच्या मजुरीची. पोलीसपाटलाने त्यांच्या वतीने नुकसानभरपाईचा अर्ज लिहून दिला होता. भरपाई मिळाली तर दोघी त्या घरात एकत्र राहणार होत्या. नाही मिळाली तर सुनेचा भाऊ तिला डोंगरापलीकडे माहेरी नेणार होता आणि म्हातारी एकटी पडणार होती. भाऊ आलेलाच होता. तो ओटीवर खांबाला टेकून बसला होता आणि कोणाशी बोलत नव्हता.

साहेब येणार हे पाटलाने आदल्या दिवशी कळवले होते. त्यामुळे शेजारणींनी तयारी केली होती. ओटी सारवलेली होती, पाण्याचा तांब्या घासलेला होता. सून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर ताजे ठसठशीत कुंकू होते आणि दोन्ही हातांत जवळजवळ कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. काही बांगड्या तिच्या नसाव्यात. मनगटावर सैल पडत होत्या. मोठा माणूस दारात येतो तेव्हा घरच्या सवाशिणीने ओक्याबोक्या कपाळाने समोर जाऊ नये, एवढाच शेजारणींचा विचार होता.

लेबर ऑफिसरने कागद काढला. "बाई, तुमचे यजमान कधी वारले?"

सुनेने खाली पाहिले. उत्तर म्हातारीने दिले. "वारला असं कोन बोलला?"

"मग कुठे आहेत ते?"

"कामाव गेलाय. तुमच्याच."

ऑफिसरने माझ्याकडे पाहिले. "आजी, अर्ज तर मृत्यूच्या भरपाईचा आहे."

"अर्ज पाटलानी लिवला. त्याला इचारा."

पाटील घाईघाईने पुढे झाला. "साहेब, तिच्या तोंडातून ते निघायचं नाही. पोटचं पोर आहे."

"निघू नये असं मीही म्हणत नाही," ऑफिसर म्हणाला आणि त्याने काहीतरी लिहिले. चहा आला. गुळाचा होता. त्याने तो पूर्ण प्यायला आणि कपबशी स्वतः उचलून आत ठेवली. पाड्यावरच्या बायकांना हे फार आवडले. साहेब चांगला आहे, काम होणार, असे एक-दोघींनी पाटलाला सांगितलेही.

परतताना बांधावरून तो पुढे आणि मी मागे चालत होतो.

"बघितलंत?" तो म्हणाला. "कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या. नवरा गेलेली बाई अशी असते?"

मी त्याला इकडची रीत सांगितली. ती त्याला माहीत नव्हती असे मला आजही वाटत नाही. प्रेत मिळाले नाही तर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. बारा वर्षे वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा. तोवर बाई सवाष्ण.

"शास्त्राने बारा," तो म्हणाला. "प्रेत नसेल तर कायद्याने सात वर्षं. मी कुठलं धरू?"

"इंजिनिअरांच्या वेळी कुठलं धरलंत?"

तो थांबला नाही. "ती कारखान्याची मेहरबानी होती. ही कायद्याची बाब आहे. मेहरबानीला पुरावा लागत नाही."

त्याचे हे बोलणे मला पटले नाही, पण चूकही काढता आली नाही. जीपपाशी पोचल्यावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मुकादमाचे म्हणणे असे होते की, त्या दिवशी पाणी चढू लागताच त्याने मजुराला घरी पाठवून दिले होते. भिंत पडली तेव्हा खाली इंजिनिअर एकटेच होते. आणि तो मजूर त्यानंतर उल्हासनगरला निर्वासितांच्या कँपात दिसलाही होता, एका सिंधी चहावाल्याने पाहिला होता.

मी त्याला मुकादमाचे पहिल्या दिवशीचे वाक्य वाचून दाखवले. त्याने शांतपणे ऐकले. "भेदरलेला माणूस काहीही बोलतो," तो म्हणाला. "आणि तुमच्याच पेपरात 'बेपत्ता' आहे. ते कात्रण मी ठेवलंय."

मुकादमावर माझा संशय होताच, पण म्हातारीच्या उत्तराचाही विचार मी करत होतो. "कामाव गेलाय" हे तिने आईच्या मायेने म्हटले की तिला काही ठाऊक होते? माणसे निघून जात. काही जण घरात सांगूनही जात. कँपात त्या वर्षांत रोज नवा माणूस येत होता. तिथे लपणे सोपे होते. मी दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला गेलो.

लष्कराच्या जुन्या बराकींच्या एका टोकाला चहावाल्याचे दुकान होते. पुढे फळी, मागे पडदा, पडद्याआड संसार. मी चहा घेतला आणि विचारले.

"साईं, मी कुठे बोललो दिसला म्हणून?" तो म्हणाला. त्याची मराठी कँपातली होती, अर्धी हिंदी. "मुकादम आला, चाय पिला, बोलला, असा असा आदमी इधर फिरत होता ना? मी बोललो, फिरत असेल. गिऱ्हाइकाला नाही कोण बोलतो?"

"तुम्ही त्याला ओळखता?"

"कुणाला?"

"त्या मजुराला."

"मुकादमाला ओळखतो. त्याची टोळी शनिवारी इथेच चाय पिते." त्याने फडके पिळले. "त्या मजुराचं काय, भरपाई आहे का?"

मी हो म्हटले.

"मग नाही मिळणार," तो म्हणाला. "आमची बघा. तिकडे ज्याची हवेली होती त्याला इकडे क्लेम मिळाला. मी भाड्याच्या घरात होतो. साहेब बोलला, तुमचं काही गेलंच नाही, गेलं ते मालकाचं. मी बोललो, साईं, पळालो तर मी. मालक तर दोन महिने आधीच मुंबईत होता." तो हसला. "तुमचा आदमी भाडेकरू असणार."

पडद्याआडून त्याची बायको सिंधीत काहीतरी बोलली. तो माझ्याकडे नव्याने पाहू लागला. "तुम्ही कारखान्याचे का?" मी नाही म्हटले. त्याला ते खरे वाटले नसावे. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत, आणि ते आदरातिथ्य नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईहून निरोप आला की, कारखान्याने इंजिनिअरांच्या कुटुंबाला जे केले त्यावर चार चांगले शब्द लिहून पाठवा. मी वसाहतीत गेलो. बैठकीच्या खोलीत इंजिनिअरांची पत्नी आणि तिचा दादरहून आलेला भाऊ होते. ती पांढऱ्या साडीत नव्हती. कपाळावर कुंकू होते. बारीक, पण होते. हातात काचेच्या दोन-दोन हिरव्या बांगड्या होत्या.

मी विचारले नव्हते. तिनेच सांगितले. "अजून मिळालेले नाहीत ते. मी काही केलेलं नाही. इथे कोणी काही म्हणत नाही. उलट मॅनेजरांच्या मिसेस म्हणाल्या, बरं केलंत, असल्या रूढी आपणच मोडायच्या."

मी तिला पाड्यावरच्या बाईची गोष्ट सांगितली. जेवढी घडली तेवढीच. तिने ती मान खाली घालून ऐकली.

"ऑफिसर काय म्हणाले?"

"कुंकू लावलंय, मग नवरा गेला कशावरून, असं."

मग भाऊ म्हणाला, "हे तुम्ही छापणार आहात?"

"ठरलेलं नाही."

"मग आम्हाला कशाला सांगता?"

मी म्हटले, की बाईंनी लेबर ऑफिसरला एवढेच सांगितले की प्रेत मिळाले नाही म्हणून मीही कुंकू लावते, तर त्या घराला उपयोग होईल. बाई काहीतरी म्हणणार होती. भावाने तिच्याकडे पाहिले आणि मला म्हणाला, "बंगला अजून कागदावर तिच्या नावाचा नाही."

तिने मला दारापर्यंत पोचवले. "तुम्ही आला तेव्हा माझ्या कपाळाकडे बघत होता," ती म्हणाली. तक्रार नव्हती. तिला खात्री करून घ्यायची होती.

पुढे शाळेच्या गेटापाशी मी तिला पाहिले तेव्हा कपाळ मोकळे होते आणि हातात घड्याळाशिवाय काही नव्हते. बाई सावरल्या, असे वसाहतीत म्हणत. दुसरेही कारण असू शकेल असे मला वाटले, पण त्याला पुरावा नव्हता. चार चांगले शब्द मी पाठवले नाहीत.

इकडे पाड्यावर पाटलाने हिशेब मांडला होता. साहेबाची नजर कुंकवावर अडली होती, तर कुंकू काढायचे. त्याच्या दृष्टीने ती फक्त अडचण होती, आणि अडचण दूर होण्यासारखी होती. म्हातारी ऐकेना. पोर मेला असे कबूल केल्याशिवाय बांगड्या फुटत नाहीत आणि ती कबूल करणार नव्हती. शेवटी सुनेनेच ठरवले. तिने सासूला काय सांगितले ते मला माहीत नाही. शेजारीण एवढेच सांगत होती की, सुनेने उंबऱ्यावर हात आपटले तेव्हा म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि काचा गोळा करायला उठली नाही. त्या दिवसापासून दोघी एका चुलीवर जेवत, पण म्हातारी सुनेच्या हाताकडे पाहत नसे.

लेबर ऑफिसर दुसऱ्यांदा आला तेव्हाही मी बरोबर होतो. सून बाहेर आली. कपाळ पांढरे, हात मोकळे. मनगटावर एक ओरखडा होता, अजून न भरलेला. पाटलाने समाधानाने साहेबाकडे पाहिले.

ऑफिसरने तिच्या मनगटाकडे पाहिले. मग त्याने विचारले, "बाई, हे कधी केलंत?"

"परवा," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"म्हणजे मी येऊन गेल्यावर."

"हो."

"का?"

ती पाटलाकडे पाहू लागली. पाटील छपराकडे पाहू लागला.

बांधावरून परतताना ऑफिसरचा आवाज नेहमीइतकाच मृदू होता. "मला त्या बाईबद्दल वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण आता तर सरळच आहे. मी विचारल्यावर बांगड्या गेल्या. याला वकिलीत तयार केलेला पुरावा म्हणतात."

"आणि गेल्या नसत्या तर?"

"तर नवरा जिवंत आहे."

तो हे चेष्टेने म्हणत नव्हता. त्याला दिलेले काम तो नीट करत होता, आणि असा माणूस लबाड माणसापेक्षा घातक असतो, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

काही दिवसांनी कारखान्याचे पत्र आले. मृत्यू सिद्ध होत नाही, सबब भरपाई देता येत नाही. म्हातारीने ते प्रथम पाटलाकडून वाचून घेतले. त्याच्यावर तिचा विश्वास उरला नव्हता म्हणून शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतले. मग सुनेला घेऊन बदलापूरच्या बाजाराला आली तेव्हा माझ्याकडे. मी वाचले.

"मास्तर पन ह्येच बोलला," ती म्हणाली. "म्हंजे खराच लिवलाय." मग तिने पत्राची घडी माझ्या हातातून घेतली. "माजा पोर मेला नाय, असा कारखाना लिवून देतो?"

"मेल्याचं सिद्ध होत नाही, असं लिहितो."

"मंग जिता हाय."

"तसं नाही लिहिलेलं, आजी."

"मेला नाय तो जिता नाय तर काय? तुमी शिकलेली मान्सं, तुमच्यात तिसरा बी काय असतो का?"

ती माझ्या ओट्यावरून उठली आणि बाजारात कासाराच्या दुकानावर गेली. काही वेळाने मी तिकडून गेलो तेव्हा सून हात पुढे करून बसली होती आणि कासार तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होता. विधवेच्या हातात बांगड्या भरतोय हे कळून तो मध्येच थांबला होता म्हणे. म्हातारीने त्याच्यापुढे पत्र धरले. त्याला वाचता येत नव्हते, पण खालचा शिक्का त्याने ओळखला, आणि भरल्या.

पाड्यावर यावरून बोलणे झाले. फोडलेल्या बांगड्या परत भरल्याचे कोणी ऐकले नव्हते. म्हातारी सगळ्यांना एकच सांगे: बांगड्या साहेबासाठी फोडल्या होत्या, साहेबाने त्या धरल्या नाहीत, मग फुटल्या कुठे?

सुनेचा भाऊ मात्र थकला होता. भाताची कापणी तोंडावर आली होती, त्याला घरी जायचे होते. त्याने शनिवारची मुदत घातली. त्या शनिवारी ती चौघे अंबरनाथला गेली: सासू, सून, एक शेजारीण, आणि मागे सुनेचे गाठोडे घेऊन भाऊ. काम झाले नाही तर तो तिला तिथूनच घेऊन जाणार होता. मला हे शेजारणीच्या नवऱ्याने सांगितले, म्हणून मी गेलो.

शनिवारी टोळीचा पगार कारखान्याच्या गेटाबाहेर होई. मुकादम खुर्ची टाकून बसे आणि मजूर रांगेने येत. लेबर ऑफिसर कधी कधी आपल्या खोलीच्या व्हरांड्यातून पाहत असे. त्या दिवशी पाहत होता. म्हातारी रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर तिने पदर पुढे केला.

"म्हातारे, तू कुठं इथं?" मुकादम म्हणाला.

"पोराचा पगार न्यायला आल्ये."

"कसला पगार? तो कामावर नाही."

"मंग कुठं हाय?"

मुकादमाने आजूबाजूला पाहिले. "मला काय विचारतेस. तू आई."

"मी तं बोलल्ये कामाव हाय. तुमचा साहेब बोलतो मेला नाय. मेला नाय आन घरी नाय, म्हंजे कामावच असंल. नदीत उतरवला तुमी, वर ये असा कोन बोलला त्याला? बोलला का कोन?"

रांगेत कोणीतरी हसले. "म्हातारी ओव्हरटाइम मागते रे," दुसरा म्हणाला. त्यावर बरेच जण हसले. मुकादमाला ते लागले असावे.

"गप बसा रे," तो ओरडला. मग म्हातारीला म्हणाला, "तुझा पोरगा पळाला. समजलं? पळून गेला."

"कवा?"

"त्याच दिवशी."

"कुठून?"

"कुठून म्हणजे? पंपघरावरून. मी हाका मारतोय, साखळी धर, साखळी धर, आणि हा..."

तो थांबला. रांगेतले हसणेही थांबले. मुकादमाने मजुराला आधीच घरी पाठवले होते, हे सगळ्या टोळीने ऐकलेले होते. काहींनी तशा जबाबावर अंगठेही दिले होते. म्हातारीला हे काहीच माहीत नव्हते. ती पदर पुढे करून तशीच उभी होती.

"म्हंजे साखळीवर व्हता," तिच्यामागचा मजूर हळूच म्हणाला.

मुकादमाने व्हरांड्याकडे पाहिले. मीही पाहिले. लेबर ऑफिसर कठड्यावर हात ठेवून उभा होता. तो मुकादमाकडे पाहत नव्हता. तो रांग पाहत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्याचे ओठ किंचित हलत होते. मला वाटते तो साक्षीदार मोजत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान थोडी हलवली. नमस्कारही असेल.

म्हातारीला त्या दिवशी काही मिळाले नाही. पण लेबर ऑफिसर स्वतः खाली आला आणि तिला म्हणाला, "आजी, दिवाळीपर्यंत थांबा." ती म्हणाली, "तुमी कुठल्या दिवाळीचं बोलता ते लिवून द्या." त्याने लिहून दिले. भाऊ गाठोडे खांद्यावर टाकून उभा होता. त्याने ते खाली ठेवले.

दिवाळी झाल्यावर कारखान्याने ठाण्याच्या कचेरीत भरपाई भरली. जबाबदारी मान्य न करता, असे त्यावर लिहिलेले होते. रक्कम टोळीच्या मजुरीच्या प्रमाणात होती, म्हणजे कायद्याने बरोबर होती. इंजिनिअरांच्या पत्नीला मिळालेल्या रकमेशी तिची तुलना करणारा परिच्छेद मी बातमीत घातला होता. छापून आले ते असे: पूरग्रस्त मजुराच्या कुटुंबास कारखान्याची मदत. मेहरबानी असल्यासारखे वाचायला वाटे. मुकादम त्याच जागेवर राहिला.

ठाण्याला त्या दोघींबरोबर मी गेलो, कारण पाटलाबरोबर जायला म्हातारी तयार नव्हती. माझ्यावर तिचा विश्वास होता असे नाही. माझ्याकडून झालेले वाचन मास्तरांच्या वाचनाशी जुळले होते, एवढेच. कचेरीतल्या कारकुनाने नेहमीचा प्रश्न विचारला. "मयताची पत्नी कोण?"

सून पुढे झाली. कारकुनाने शाईचा पॅड सरकवला आणि तिचा अंगठा धरण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा हिरव्या बांगड्या टेबलावर वाजल्या. त्याने बांगड्यांकडे पाहिले, तिच्या कपाळाकडे पाहिले, मग कागदाकडे. मी त्याच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. मागे रांग मोठी होती. त्याने अंगठा उठवून घेतला आणि म्हणाला, "पुढचा."

बदलापूरला उतरल्यावर आम्ही नदीच्या बाजूने चालत निघालो. पंपघर तोवर नव्याने बांधून झाले होते, या वेळी काँक्रीटचे. दारावर संगमरवराची पाटी होती. सून तिच्यासमोर थांबली.

"काय लिवलाय?" तिने मला विचारले.

मी इंजिनिअरांचे नाव आणि तारीख वाचली.

"आनी?"

"एवढंच आहे."

तिने पाटीवरून नजर फिरवली. बहुधा अक्षरे किती आहेत ते पाहत असावी. म्हातारी पुढे निघाली होती, ती मागे आली. मी तिला विचारले की, आता कचेरीने मयत म्हटले आहे, बांगड्यांचे काय करणार? पाड्यावर विचारतीलच.

"कागद एकदा बोलला मेला नाय," ती म्हणाली. "मंग बोलला मेला. तिसऱ्यांदा काय बोलतो ते बघू. काय घाई हाय?"

सून खाली काठावर उतरली होती. पाणी थंडीतले, उथळ आणि स्वच्छ होते. तिने अंगठा पाण्यात धरला आणि वाळूने घासू लागली. शाई लगेच निघत नव्हती. म्हातारी वरून म्हणाली, "निघंल ग, घरी चल, चुलीवरची राख लाव."